दिल्ली : पाहावी तशी ऐकावीही

दिल्लीची सहल करून आलेल्या मराठी कुटुंबाकडे फोटोंना तोटा नसतो. लाल किल्ल्यासमोर आजी-आजोबा, कुतुबमिनाराच्या पायथ्याशी मुले, इंडिया गेटच्या पुढ्यात सगळे जण एका ओळीत. पूर्वी हे फोटो अल्बममध्ये चिकटवले जात, आता ते मोबाइलमध्ये साठतात. चांदनी चौकात खाल्लेल्या पराठ्यांची आठवण निघते, करोलबागेतल्या खरेदीचा हिशेब निघतो. पण त्याच चार दिवसांत कानांवर पडलेले आवाज मात्र कोणी घरी आणत नाही. मेट्रोतली सूचना, कबाडीवाल्याची हाळी, गुरुद्वारातले कीर्तन, जामा मशिदीच्या अंगणातून एकदम उडालेल्या कबुतरांची फडफड हे सारे तिथेच राहते आणि हळूहळू विसरले जाते.

आवाज जपण्याचा छंद असलेली माणसे जगात बरीच आहेत. ही मंडळी रेकॉर्डर घेऊन बाजारात, स्टेशनवर, नदीकाठी किंवा समुद्रकिनाऱ्यावर जातात आणि गाणे नव्हे, भाषण नव्हे, तर तिथला रोजचा साधा आवाज टिपतात. ऐकणाऱ्याला हे वेड वाटेल. पण दिल्लीसारख्या शहरात दर दहा-वीस वर्षांनी रस्त्यावरचे आवाज पालटून जातात, आणि ते कधी पालटले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. अशा ठिकाणी हा छंद इतिहासाचे साधन होतो.

शामाच्या गाण्यापासून सुरुवात

या छंदाच्या आरंभीच एक ओळखीचा पक्षी भेटतो. लुडविग कोख या जर्मन मुलाने १८८९ साली, वयाच्या आठव्या वर्षी, एडिसनच्या फोनोग्राफवर शामा पक्ष्याचे गाणे मुद्रित केले. पक्ष्याच्या आवाजाचे हे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण मानले जाते. हा शामा भारतातल्या जंगलांत, आपल्या सह्याद्रीतही, गाणारा पक्षी. कोख पुढे इंग्लंडला गेले आणि बीबीसीवरून त्यांनी पक्ष्यांचे आवाज घराघरांत पोहोचवले.

भारतातही जुनी उदाहरणे आहेत. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात देशातल्या अनेक भाषा-बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतले गेले. हेतू भाषाशास्त्राचा होता. पण आज त्या तबकड्या ऐकताना शंभर वर्षांपूर्वीचा माणूस कसा बोलत होता, कुठे थांबत होता, हे कळते. कागदावर ते कधीच उतरले नसते.

शहराच्या आवाजाकडे गंभीरपणे पाहायला शिकवले ते कॅनडातील संगीतकार मरे शाफर यांनी. त्यांच्या गटाने १९७३ साली व्हँकुव्हर शहराच्या आवाजांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. गावाची ओळख पटवणारी एखादी इमारत असते, तसा गावाची ओळख पटवणारा आवाजही असतो, असे या मंडळींचे म्हणणे. मुंबईच्या गिरणगावात राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. गिरणीचा भोंगा हे तिथले घड्याळच होते. १९८२ च्या संपानंतर एकेक भोंगा बंद पडत गेला आणि वस्तीचा दिवस कधी सुरू होतो, हे सांगणारा आवाजच उरला नाही. लंडनमध्ये पीटर क्युसॅक यांनी १९९८ पासून लोकांना एक सोपा प्रश्न विचारायला सुरुवात केली : तुमच्या शहरातला तुमचा आवडता आवाज कोणता? लोक अंतर्मुख होऊन उत्तरे देऊ लागले, आणि मग ते आवाज टिपले गेले.

हाच प्रश्न दिल्लीला विचारला, तर उत्तरे ऐकायला पहाटेच घराबाहेर पडावे लागते.

राजधानीत समुद्राचा आवाज

दिल्लीपासून समुद्र शेकडो कोस दूर. तरी हिवाळ्यात, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, यमुना बाजारच्या घाटावर पहाटे उभे राहिले तर कानांना अलिबाग किंवा मालवणचा किनारा आठवतो. धुक्यातून शेकडो कुरव पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येत असतो. हे पांढरे पक्षी मध्य आशियाकडून थंडीत खाली उतरतात. त्यांचेच भाऊबंद त्याच दिवसांत कोकणच्या किनाऱ्यावर, मुंबईच्या खाडीवरही येतात. कोकणात त्यांच्या ओरडण्यामागे लाटांची गाज असते; इथे वल्ह्यांची चुळूकचुळूक, नावाड्यांच्या ‘आओ, आओ’ अशा हाका आणि दूरवरून येणारी घंटा असते. पलीकडेच निगमबोध घाटाची स्मशानभूमी आहे. तिकडून येणारे मंत्र आणि इकडचा पक्ष्यांचा गलका एकाच वेळी कानांवर पडतात.

नावेतले हौशी पर्यटक पक्ष्यांना शेव-फरसाण टाकतात. तळलेले, खारट खाणे त्यांना अपायकारक असते, असे पक्षीतज्ज्ञ सांगतात. आवाज टिपायला आलेल्याने तर ते टाळावेच. खाणे पडले की पक्ष्यांची झुंबड उडते आणि ध्वनिमुद्रणात केवळ भांडण उरते. शांत बसले तर वेगवेगळ्या हाका ओळखू येऊ लागतात.

जवळच जुना लोखंडी पूल आहे. १८६० च्या दशकात बांधलेला हा पूल दोन मजली, वरून रेल्वे आणि खालून रस्ता. दीडशे वर्षांहून अधिक काळ वरून गाडी जाताना खालच्या टांगेवाल्याच्या, सायकलस्वाराच्या, मोटारवाल्याच्या डोक्यावर लोखंडाचा गडगडाट होत आला. दिल्लीत वाढलेल्या कित्येकांच्या मनात ‘गाव सोडणे’ आणि ‘गावी परतणे’ या दोन्ही गोष्टींशी तो आवाज जोडलेला आहे. सिमेंटच्या नव्या पुलावरून गाडी जाताना तसा आवाज होत नाही. प्रवास सुखाचा होतो, हे खरे. पण पूल आल्याचे कानांना कळत नाही.

चांदनी चौकाचा पालटलेला सूर

लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत जाणारा चांदनी चौकाचा रस्ता दीड किलोमीटरच्या आतला. पण एवढ्या अंतरात जैन लाल मंदिर, गौरीशंकर मंदिर, चर्च, शीशगंज गुरुद्वारा आणि मशीद अशी सगळी प्रार्थनास्थळे रांगेने येतात. डोळे मिटून चालणाऱ्यालाही आपण कुठवर आलो हे कळावे, अशी ही रचना. लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे प्रसिद्ध रुग्णालय आहे. तिथे जखमी कबुतरांचे घुमणे ऐकू येते. पुढे मंदिराची घंटा, मग गुरुद्वारातले शबद-कीर्तन, आणि शेवटी अजान.

शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने १६५० च्या सुमारास हा बाजार वसवला, तेव्हा रस्त्याच्या मधोमध कालवा वाहत होता. म्हणजे या चौकाचा पहिला आवाज पाण्याचा होता. भिश्ती लोक धातूची वाटी वाटीवर आपटून तहानेल्यांना बोलावत. कालवा बुजला, त्यानंतर इंग्रजी अमलात इथे मोठे घंटाघर उभे राहिले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तेही पडले. रिक्षावाले आजही त्या जागेला घंटाघरच म्हणतात. घंटा ऐकलेली माणसे मात्र आता विरळाच.

या रस्त्यावर अगदी अलीकडेही मोठा बदल झाला. २०२१ च्या सप्टेंबरात नूतनीकरण केलेला चांदनी चौक खुला झाला आणि सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत मोटारींना बंदी आली. त्याआधीच्या ध्वनिमुद्रणात हॉर्नखाली बाकी सगळे बुडून गेलेले असते. आता हॉर्न कमी झाल्यावर सायकलरिक्षाच्या घंट्या, हातगाडीची चाके, ओझे घेऊन धावणाऱ्या हमालाचे ‘बाजू, बाजू’ आणि दुकानदारांची आर्जवे वर आली. एकाच जागी पाच वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवली, तर सरकारच्या एका निर्णयाने रस्त्याचे काय झाले हे अहवाल न वाचता समजते.

इथल्या एका गल्लीत मराठी माणसाचे कान टवकारतात. कूचा महाजनी हा सोन्या-चांदीचा बाजार. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली हजारो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायासाठी देशभर पांगली. दिल्लीच्या सराफ बाजारांतही ती आहेत. भट्टीच्या ज्योतीची सरसर, मुशीतून ओतलेल्या धातूचा चर्र आवाज आणि त्यावर खास माणदेशी वळणाची मराठी, हा आवाज दिल्लीचाच. मात्र तो ऐकायला सांगलीकडचा कान लागतो.

हाळी आणि छोटा स्पीकर

जुन्या दिल्लीचा फेरीवाला आपला माल गाऊन विकत असे. या कलेवर उभे राहिलेले एक नाटकही दिल्लीतच जन्मले. हबीब तन्वीर यांनी १९५४ साली ओखला येथील जामिया मिलिया इस्लामियामध्ये ‘आग्रा बाजार’ सादर केले. त्यात तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर ओखल्याच्या गावकऱ्यांनीही कामे केली. नाटकातल्या काकडीवाल्याची काकडी काही केल्या खपत नाही. शेवटी नज़ीर अकबराबादी या लोककवीची कविता त्याला मिळते, ती तो गाऊ लागतो आणि गिऱ्हाइके जमतात. हाळी चांगली असेल तर माल खपतो, हे बाजारातले व्यवहारज्ञानच तिथे नाटकाचा कणा झाले.

आजच्या दिल्लीच्या वसाहतींतही सकाळपासून हाळ्या सुरू होतात. कबाडीवाला शेवटचे अक्षर लांबवतो, भाजीवाला नावांची मालिकाच म्हणतो, चाकू-सुऱ्यांना धार लावणारा आपल्या चाकाची करकर ऐकवतो. थंडी जवळ आली की रजया पिंजून देणारा येतो. त्याच्या तारेचा टणत्कार ऐकून मराठी घरातल्या आजीला आपल्याकडचा पिंजारी आठवल्याशिवाय राहत नाही.

अलीकडे या हाळीत एक नवल घडले आहे. बऱ्याच गाड्यांवर बॅटरीवर चालणारा छोटा स्पीकर आला आहे. हाळी एकदा मुद्रित करायची, मग दिवसभर तीच वाजत राहते. उन्हातान्हात दहा तास ओरडून घसा बसणाऱ्या माणसाला हा मोठाच आराम, त्याबद्दल नाक मुरडणे बरे नव्हे. पण हाळी आता थकत नाही, गिऱ्हाईक पाहून बदलत नाही, ओळखीच्या दारापुढे हळू होत नाही. शिवाय अनेक वसाहतींना फाटके बसली आणि फेरीवाल्यांना आत यायला मज्जाव झाला. म्हणून तोंडाने दिलेली हाळी कुठे ऐकू आली, तर ती टिपून ठेवण्याची हीच वेळ आहे.

जमिनीखालची ओळखीची आवाजजोडी

दिल्लीचा सर्वांत जास्त ऐकला जाणारा आवाज आता मेट्रोत आहे. डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी हा पहिला मार्ग सुरू झाला. गाडीतल्या हिंदी सूचना शम्मी नारंग यांच्या आणि इंग्रजी सूचना रिनी सायमन खन्ना यांच्या आवाजात मुद्रित झाल्या. दोघेही दूरदर्शनवर बातम्या वाचणारे. ज्यांनी लहानपणी त्यांना टीव्हीवर पाहिले, त्यांची मुले आता तेच आवाज ऐकत कॉलेजला जातात.

मराठी श्रोत्यांचेही दिल्लीशी असे नाते होते. अनेक दशके आकाशवाणीच्या मराठी राष्ट्रीय बातम्या दिल्लीहून वाचल्या जात. महाराष्ट्रातल्या खेड्यात सकाळचा चहा उकळत असताना जो मराठी आवाज घरात येई, त्याचा मालक संसद मार्गावरच्या आकाशवाणी भवनात बसलेला असे. पुढे हे काम महाराष्ट्रात हलवले गेले.

मेट्रोची सूचना रोज ऐकू येते, ती कशाला टिपायची, असे कोणी म्हणेल. पण २०१० पासून पिवळ्या मार्गाचे गुरुग्रामकडचे शेवटचे स्टेशन ‘हुडा सिटी सेंटर’ होते. २०२३ साली त्याचे नाव ‘मिलेनियम सिटी सेंटर गुरुग्राम’ झाले. लाखो प्रवाशांच्या तोंडपाठ असलेली जुनी सूचना एका दिवसात बंद झाली. आता ती ऐकायची तर कोणीतरी आधी सहज टिपलेली असली पाहिजे.

गोंगाट कोणाचा?

दिल्ली ऐकताना एक प्रश्न टाळता येत नाही : आवाज कोणता आणि गोंगाट कोणता?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी याचे आकडे ठरवून दिले आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. व्यापारी भागात ६५ आणि ५५. रुग्णालये, शाळा यांच्याजवळच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. हे आकडे दिसतात तेवढे जवळजवळ नसतात. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली. दिल्लीच्या मोठ्या चौकात उभ्या राहणाऱ्या वाहतूक पोलिसाला किंवा रुग्णालयातल्या आजाऱ्याला या नियमांचे महत्त्व चांगले ठाऊक असते.

पण यंत्र केवळ मोठेपणा मोजते, आवाज कोणाचा हे सांगत नाही. याची कसोटी जंतर मंतरवर लागली. देशभरातून आलेले शेतकरी, कामगार, माजी सैनिक आपली गाऱ्हाणी घेऊन वर्षानुवर्षे त्या रस्त्यावर बसत. आसपासच्या रहिवाशांना दिवसरात्र लाउडस्पीकरचा त्रास होई. ऑक्टोबर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ध्वनिप्रदूषणासह इतर कारणे देऊन तिथली आंदोलने थांबवण्याचा आदेश दिला. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बंदी योग्य नाही असे ठरवले. रहिवाशांचा शांततेचा हक्क आणि नागरिकांचा निषेधाचा हक्क यांचा मेळ घालायला सांगितले. दोन्ही बाजूंना वजन होते. घरातल्या आजारी माणसाला झोप हवी होती आणि हजार किलोमीटरवरून आलेल्या माणसाला आपले म्हणणे कोणाच्या तरी कानी घालायचे होते.

जंतर मंतरचे ध्वनिमुद्रण म्हणूनच मोलाचे. तिथे एका दुपारी तमिळ, पंजाबी, भोजपुरी, मराठी अशा घोषणा एकामागून एक ऐकू येऊ शकतात. डेसिबलच्या तक्त्यात त्या सगळ्यांची मिळून एकच रेघ उमटते. ध्वनिमुद्रणात माणसे वेगवेगळी ओळखू येतात.

तिथून जवळच अग्रसेन की बावली आहे. शंभराहून अधिक पायऱ्यांच्या या जुन्या विहिरीत एकेक पायरी उतरावे, तसा कनॉट प्लेसच्या वाहतुकीचा आवाज मागे पडतो आणि कबुतरांचे घुमणे भिंतींवर आपटून मोठे होत जाते. शांतता ही दिल्लीतही मिळते. फक्त थोडे खाली उतरावे लागते.

विरून गेलेले आवाज

दिल्लीने गमावलेल्या आवाजांची यादी लांबलचक आहे. १९०८ साली सुरू झालेल्या ट्रामची घंटा १९६३ साली थांबली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या मोटारसायकलींना मागे आसने जोडून ‘फटफटी’ बनवल्या गेल्या. कनॉट प्लेस ते जुनी दिल्ली असे त्यांचे धावणे असे. नावातच आवाज असलेली ही वाहने १९९८ च्या सुमारास प्रदूषणामुळे रस्त्यावरून गेली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बसगाड्या सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला. २००२ च्या अखेरीस डिझेल बसची घरघर शहरातून जवळजवळ संपली. खासगी ब्लूलाइन बसच्या पत्र्यावर थाप मारून स्टेशनांची नावे घेणारे कंडक्टर २०१० नंतर लवकरच दिसेनासे झाले. मग बॅटरीवरच्या ई-रिक्षा आल्या, २०२२ पासून विजेच्या बस वाढल्या, आणि रस्त्याने पुन्हा सूर बदलला.

यातले बरेच आवाज जाणे चांगलेच होते. फटफटी आणि डिझेल बस यांच्या धुराने दिल्लीकरांची छाती भरली होती. त्या परत याव्यात असे कोणी म्हणणार नाही. पण चिमणीचे काय? पूर्वी घराघरांत चिवचिवणारी चिमणी इतकी कमी झाली, की २०१२ साली दिल्ली सरकारने तिला राज्यपक्षी घोषित केले, लोकांचे लक्ष वेधावे म्हणून. आवाज नकोसा असो वा हवासा, तो गेल्यावर त्याची आठवण फार लवकर पुसट होते. डोळ्यांपुढे जुनी फटफटी आणता येते, तिचा आवाज तोंडाने काढून दाखवणारा म्हातारा मात्र शोधावा लागतो.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत याच शहराने आणखी एक अनुभव घेतला. रस्ते थांबले आणि मोरांचे केकारव, पोपटांचे थवे, दूरवरच्या मंदिरातली एकच घंटा स्पष्ट ऐकू येऊ लागली. ते पक्षी त्या महिन्यात नव्याने आले नव्हते, आधीपासून होतेच.

रात्रीची दिल्लीही ऐकण्याजोगी. गुरुवारी संध्याकाळी हजरत निजामुद्दीनच्या दर्ग्यात कव्वाली रंगते. अमीर खुसरो यांची कबर त्याच आवारात आहे. रमजानमध्ये जामा मशिदीजवळ उपवास सोडण्याच्या क्षणी गोळ्याचा आवाज होतो आणि क्षणभरात सारी गल्ली शांत होते, कारण सगळ्यांच्या हातात खजूर असतो. डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्री चौकीदाराची काठी आणि शिट्टी ऐकू येते, आणि रेल्वेची शिट्टी तर मैलोगणती दूरच्या घरातही शिरते. याला कारण आहे. थंड रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते, त्यामुळे वर जाणारा ध्वनी वळून पुन्हा खाली येतो. ज्या हवेमुळे दिल्लीत धूर कोंडतो, तीच हवा आवाजही खाली राखते.

गुरुग्राममधल्या मराठी ओव्या

शहराच्या वेशीबाहेर पडले की आणखी वेगळे आवाज भेटतात. ग्रेटर नोएडाजवळच्या धनौरीच्या पाणथळीत सारस क्रौंचाची जोडी एका सुरात साद घालते. एकाने सुरुवात करायची आणि दुसऱ्याने लगेच साथ द्यायची, असे ते गाणे. ते दूरपर्यंत पोहोचते. आजूबाजूला इमारती वाढत आहेत, त्यामुळे तिथे जाणारे पक्षीनिरीक्षक आता दुर्बिणीबरोबर रेकॉर्डरही नेतात.

दुसऱ्या दिशेला, गुरुग्राममध्ये, आवाजांचे एक मोठे भांडार आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने १९८२ साली लोकसंगीत आणि मौखिक परंपरांच्या ध्वनिमुद्रणांसाठी संग्रहालय व संशोधन केंद्र स्थापन केले. खेड्यापाड्यांत फिरून अभ्यासकांनी केलेली ध्वनिमुद्रणे तिथे जपली जातात. डच अभ्यासक आर्नोल्ड बाके यांनी १९३० च्या दशकात भारतात केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रतीही तिथे आहेत. या केंद्रामागची प्रेरणा असलेले नझीर जैराझभॉय १९८४ साली बाके यांच्या ध्वनिमुद्रणांचा माग काढत दक्षिण भारतातल्या त्याच गावांत पुन्हा गेले. काय टिकले, काय बदलले, हे त्यांना कानांनी तपासता आले, कारण पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी टिपून ठेवले होते.

महाराष्ट्राचा एक अनमोल ठेवाही या केंद्राकडे सोपवला गेला. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या अनेक १९९० च्या दशकात प्रत्यक्ष बायकांच्या आवाजात मुद्रित झाल्या. पहाटे जात्याची घरघर आणि तिच्या तालावर आई-मुलीने, जावा-नणंदांनी गायलेली सुखदुःखे. गावात विजेची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले आणि जाते थांबले. जाते थांबले तशी ओवीही थांबली. ज्या मावळातल्या घरात ती जन्मली, तिथल्या नातीला कदाचित ती येत नसेल. पण आजीचा आवाज दिल्लीजवळ सुखरूप आहे. २०१७ पासून हा संग्रह पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या उपक्रमातून सर्वांसमोर येत आहे.

टिपायचे कसे?

यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. हौस वाढली तर खिशात मावणारा रेकॉर्डर घ्यावा, सुरुवातीला मोबाइलही चालतो. मात्र बरेचसे मोबाइल बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून मागचा आवाज आपोआप दाबतात, आणि इथे तर मागचाच आवाज हवा असतो. सेटिंगमध्ये ती सोय असेल तर बंद करावी. वाऱ्याचा फुरफुराट हा सर्वांत मोठा शत्रू. मायक्रोफोनला स्पंजाची टोपी घालावी किंवा वाऱ्याकडे पाठ करून आपल्या शरीराचाच आडोसा करावा.

आवाज टिपताना चालू नये, बोलू नये, बांगड्या-पिशव्या आवराव्यात आणि निदान पाच मिनिटे एका जागी थांबावे. पहिल्या मिनिटात काहीच घडत नाही असे वाटते. तिसऱ्या मिनिटाला लोक आपल्याला विसरतात आणि गल्ली नेहमीसारखी बोलू लागते. घरी येऊन हेडफोनवर ऐकले की त्या वेळी न जाणवलेल्या कितीतरी गोष्टी कळतात.

सुरुवातीला किंवा शेवटी ठिकाण, तारीख आणि वेळ स्पष्ट आवाजात सांगावी. हे न केलेले ध्वनिमुद्रण दहा वर्षांनी पाठीमागे काहीच न लिहिलेल्या फोटोसारखे होते. मूळ फाइल न कापता दोन ठिकाणी ठेवावी. दर्ग्यात, गुरुद्वारात, फेरीवाल्याजवळ आधी विचारावे. बहुतेक जण आनंदाने होकार देतात आणि वर चहाही पाजतात. मेट्रो, विमानतळ अशा जागी तिथले नियम पाळावेत. कोणाचे खासगी बोलणे चोरून टिपणे मात्र छंदात बसत नाही.

एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी. दुर्मीळ आवाजाच्या मागे सगळेच लागतात. शामाला, सारसाला श्रोते मिळतात. रोजच्या आवाजाला मात्र कोणी वाली नसतो, आणि जातो तोच. फटफटी रस्त्यावर असताना तिचा कंटाळा येत होता, म्हणून ती टिपावी असे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

पुढच्या वेळी दिल्लीला जाताना फोटोंबरोबर पाच मिनिटांचे दोन-तीन आवाज आणावेत. यमुनेचा घाट, चांदनी चौक आणि मेट्रोचे एक स्टेशन एवढे पुरे. त्यासाठी दिल्लीला जाणेच हवे असेही नाही. सकाळची घंटागाडी, दुपारचा कल्हईवाला, संध्याकाळी खेळायला गेलेल्या नातवाला गॅलरीतून हाक मारणारी आजी हे आवाज दारातच आहेत. आजीची हाक आधी टिपावी. दिल्लीचे आवाज पुढच्या सुट्टीतही मिळतील.